शेवटच्याचा चहा

सोयाबीनच्या राशी उरकल्या, दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, की आपल्या भागातल्या सायकलवाल्यांना सह्याद्री खुणावू लागतो. औशाचा माणूस तसा डोंगरावरच राहतो, बालाघाटाच्या माथ्यावर. पण हा माथा इतका सपाट की चढ म्हणजे काय ते कळायला खरोशाच्या टेकडीपर्यंत जावं लागतं. म्हणून मग सायकली गाडीच्या टपावर बांधायच्या, वाई गाठायची आणि पसरणीच्या घाटाला भिडायचं. वाई ते पाचगणी जेमतेम १२ किलोमीटर, पण चढ ५०० मीटरहून जास्त.

औसा–लातूर रस्त्यावर घोळक्यानं सायकली जातात तेव्हा पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागच्याचे श्रम वाचतात. वेग चांगला असेल तर पाव ते तिसरा हिस्सा. पुढचा दमला की मागे येतो, दुसरा पुढे होतो. सगळ्यांचाच फायदा, त्यामुळे एकमेकांना धरून राहणं सोपं जातं. घाटात ही सोय संपते. वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, वाऱ्याची अडचण उरत नाही, झगडा नुसता वजनाशी. ज्याचं त्यानं ओढायचं. तिथं पुढच्याकडं मागच्याला देण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ.

आणि ती देतातही. पुढचे माथ्यावर थांबतात, चहा होतो, बिस्किटाचा पुडा संपतो, फोटो निघतात. अर्ध्या तासानं शेवटचा गडी वळणावर दिसतो. लगेच टाळ्या, ‘शाब्बास सर, आलंच आता!’ तो पाय टेकतो, हेल्मेटचा पट्टा सोडतो, बाटलीचं तोंड उघडतो. तेवढ्यात इकडं पट्टे आवळले जातात. ‘चला, आले सगळे. निघायचं का?’ जो सर्वांत जास्त दमला त्याला विसावा सर्वांत कमी, आणि थांबल्याचं पुण्य मात्र बाकीच्यांच्या खाती जमा! यात कुणी दुष्ट नसतो, हेच खरं अवघड. पुढच्यांचं विश्रांतीचं घड्याळ ते पोचले तेव्हाच सुरू झालेलं असतं, एवढंच.

पुढच्यांचीही बाजू आहे. घामेजलं अंग घाटमाथ्याच्या गार वाऱ्यात आकसतं, पोटऱ्या धरतात, ऊन चढत जातं, सुट्टी एकच असते. मग कुणी तरी म्हणतं, ‘त्यांनीच सांगितलं की, तुम्ही व्हा पुढं, मी येतो हळूहळू.’ सांगितलं खरं. पण आपल्याकडं तिसऱ्या पोळीलाही माणूस ‘नको’ म्हणतो. संकोचानं दिलेली परवानगी सोयीनं खरी मानणं ही आपली जुनी सवय आहे.

या पेचाला सायकलीच्या इतिहासात शंभर वर्षांपूर्वीच तोंड फुटलं होतं. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी १९०४ साली फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सामूहिक फेऱ्या आणल्या. ठरलेला वेग, पुढे कप्तान, त्याला ओलांडायचं नाही. निघायचं सोबत, पोचायचं सोबत. पुढे मतभेद झाले आणि १९२१ पासून पॅरिसच्या एका सायकल क्लबानं दुसरी रीत काढली. प्रत्येकानं आपल्या वेगानं जावं, फक्त मुदतीत पोचावं. आज महाराष्ट्रात ब्रेव्हे नावाच्या ज्या लांब फेऱ्या होतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, त्या याच दुसऱ्या रीतीच्या. मला दोन्ही रीती सचोटीच्या वाटतात. खोट आहे ती तिसरीत, म्हणजे नाव सोबतीचं आणि चाल आपापली. ती कुठल्याही नियमपुस्तकात नाही, पण चलती तिचीच.

आणि हे नुसतं सायकलीपुरतं नाही. लातूर पॅटर्नचा बोलबाला असलेल्या आपल्या जिल्ह्यात ‘समजलं का सगळ्यांना?’ हा प्रश्न वर्गात रोज विचारला जातो. पहिल्या बाकांच्या माना हलतात आणि फळा पुसला जातो. मागच्या बाकावरची पोर अजून पहिलीच ओळ उतरवत असते.

दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. चढ आला की ओझं आहे तिथं बळ वाढवायचं, हा हिशोब वारीला केव्हाच उमगलाय. दुसऱ्याची सायकल काही ओढता येत नाही. पण शेवटचा पोचल्यावर सगळ्यांनी आणखी पंधरा मिनिटं बसावं आणि ‘निघू या’ हा शब्द त्याच्याच तोंडून यावा, एवढं आधी वाईतच ठरवता येतं. पुढच्यांना दुसरा चहा घ्यावा लागेल. चहावाल्याची त्याला हरकत नसावी.