दत्तकाचा हक्क



कारंजा (घाडगे) व वर्धा नदीच्या अलीकडची आपली गावे पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती. त्या घराण्याच्या शेवटल्या राजांचा वृत्तांत आपणांस बोधप्रद आहे.

नोव्हेंबर १८१७ त सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. १८१८ साली कंपनी सरकारने त्यांस पदच्युत केले, व १८४० साली ते परमुलखात, जोधपुरास, वारले. त्यांच्या जागी एका बालकास दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले. तेच तिसरे रघूजी. तेव्हा ते दत्तविधान कंपनीने मान्य केले. परंतु ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी निपुत्रिक वारले, तेव्हा गादीस वारस नाही, असे त्याच कंपनीने ठरविले. राजकुटुंबाने दत्तक घेतलेल्या जानोजींस राज्याचा हक्क मिळाला नाही. गव्हर्नर जनरल डलहौसी ह्यांनी १८५४ साली राज्य खालसा केले. वृद्ध बाकाबाईसाहेबांची विनवणी व्यर्थ गेली, व वाड्यातील जवाहीर लिलावात निघाले.

ह्यास आम्ही न्याय म्हणत नाही. सोय असेतोवर दत्तक तो पुत्र, सोय सरली की तोच परका, असा हा मनुष्याचा तराजू आहे.

आता देवाचा तराजू पाहा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात प्रेषित पौल शिकवितो की, आम्ही दत्तक घेतलेली लेकरे आहोत, म्हणून वारसही आहोत, आणि तेही ख्रिस्ताबरोबर. हा लेख कोणा गव्हर्नराच्या सहीचा नव्हे. तो पुत्राच्या रक्ताने कायम झाला आहे. तो कोण रद्द करील?

बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांस भाऊबंदांनी पंगतीतून उठविले, वडिलांच्या घरातील वाटा नाकारला, त्यांनी हे अंतःकरणात धरावे. तुम्ही बेवारस नाही.

परंतु जुन्या कुटुंबांनो व उपदेशक बंधूंनो, आपणही सावध असावे. काल मंडळीत आलेल्यास आपण मागे बसवितो काय? त्याची जात, त्याचे पूर्वीचे घर विचारून सोयरीक टाळतो काय? तसे असेल, तर बापाने मान्य केलेला हक्क आपण नाकारतो, व डलहौसीचाच तराजू हाती धरतो. येत्या प्रभुवारी अशा एका बंधूस आपल्या शेजारी बसवा, व उपासना झाल्यावर त्यास घरी जेवावयास न्या.

ज्याच्या राज्यास अंत नाही, तो आपणां सर्वांस एका घरात राखो. आमेन.