श्रद्धा आणि सावधगिरी



परदेशी मिशनकार्यास निघालेल्याने स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार केला, तर त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणायचे का? आपल्या झरी जामणी तालुक्यात पैनगंगेला पूर आला की बुडालेल्या पुलावर गाडी घालणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही. त्याला वाचवायला दुसऱ्याला पाण्यात उतरावे लागते.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले. त्या २६ रक्तसाक्षींत परदेशी मिशनरी ६ होते. २० जण जपानी, त्यांत लहान मुलेही होती. त्यांच्या बलिदानापुढे आपण नतमस्तक होतो. पण संकट पाहुण्यावर एकट्यावर येत नाही, हेही त्यातून कळते.

संत थॉमस अक्विनास भित्रेपणाप्रमाणेच अविचारी धाडसालाही धैर्याच्या विरुद्ध मानतात. दमास्कसच्या तटावरून टोपलीतून निसटलेले संत पौल भित्रे नव्हते. त्यांचे कार्य अजून उरले होते.

आफ्रिकेतील अनेक देशांत जाण्यापूर्वी किमान १० दिवस आधी पीतज्वराची लस घ्यावी लागते. ती केवळ आपल्यासाठी नसते. आपल्या देशात हा रोग नाही. तो पसरवणारे डास मात्र आहेत.

म्हणून लस घ्यावी, आपला ठावठिकाणा घरी कळवावा आणि तेथील धर्मगुरूंनी ‘थांबा’ म्हटले की थांबावे. आपण परत येतो; त्यांना तिथेच राहायचे असते.