परीस कोणाचा?

दिंडोरीच्या आमच्या घरात एक पुस्तक आठवडाभर फडताळात पालथे पडून होते. मुखपृष्ठ खाली, पाठ वर. पालथे ठेवले होते बडे अब्बांनी. आमच्या वडिलांचे थोरले भाऊ, पण सारे घर त्यांना बडे अब्बाच म्हणते. पुस्तक होते 'हॅरी पॉटर आणि परीस'. मुलीने मैत्रिणीकडून वाचायला आणलेले. त्यांनी चित्र पाहिले, आत काय आहे ते विचारले आणि म्हणाले, "जादू की किताब है. घर में कायको?"

मुलगी रडवेली झाली. आम्ही मध्ये पडलो खरे, पण बोलावे काय ते सुचेना. जादूला दीनमध्ये थारा नाही, हे खरे. पुस्तकात जादू आहे, हेही खरे. मग म्हटले, निदान पुस्तकाचे नाव तरी नीट वाचून पाहू. आणि वाचायला बसल्यावर कळले की बडे अब्बांचा वाद त्या नावातच दडलेला आहे.

मूळ इंग्रजी कादंबरी १९९७ साली लंडनमध्ये निघाली. तिच्या नावातला दगड 'फिलॉसॉफर'चा, म्हणजे तत्त्वज्ञाचा. पुढच्याच वर्षी ती अमेरिकेत छापताना तत्त्वज्ञ गेला आणि त्याच्या जागी 'सॉर्सरर', म्हणजे जादूगार आला. तत्त्वज्ञाचे नाव पाहून मुले पुस्तक हातात घेणार नाहीत, ही धास्ती. हा बदल मान्य केल्याचा लेखिका रोलिंग यांना पुढे पस्तावा झाला. जर्मन अनुवादात तो 'शहाण्यांचा दगड' आहे. फ्रेंचमध्ये तर दगडच उरला नाही, हॅरी नुसता जादूगारांच्या शाळेत गेला. मराठीत दगड राहिला, त्याचा मालक मात्र गेला.

म्हणजे एकाच दगडाचा धनी एका देशात हकीम, दुसऱ्या देशात जादूगार. बडे अब्बांपुढे हकिमाचे पुस्तक आले असते तर त्यांनी ते पालथे घातले नसते.

आणि हा हकीम आपल्याला परका नाही. मराठीत आपण सहज 'किमया' म्हणतो, तो शब्द अरबी-फारसीतला. अल्-कीमिया. त्याच शब्दाने युरोपात 'अल्केमी' आणि पुढे 'केमिस्ट्री' ही रूपे घेतली. आठव्या शतकातल्या जाबिर इब्न हय्यानच्या नावावर असलेल्या ग्रंथांत सगळे धातू गंधक आणि पारा यांच्यापासून बनतात, असे मांडले आहे. त्यांचे प्रमाण साधले तर हलक्या धातूचे सोने होईल, असा त्यामागचा हिशेब. त्यासाठी मंत्र नव्हता. भट्टी होती, तराजू होता, अर्क काढायची भांडी होती. बाराव्या शतकात हे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये गेले आणि युरोप त्या दगडामागे लागला.

पण हकिमांचेही एकमत नव्हते. इब्न सीनाचे म्हणणे, धातूची जात बदलत नाही, फार तर रंग बदलतो. फाराबीने ते शक्य मानले. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त या दोघांवर नेमके बोट ठेवले. अशक्य म्हणणारा इब्न सीना वजीर होता, खाऊनपिऊन सुखी. शक्य म्हणणारा फाराबी पोटाला महाग. ज्याला रोजच्या कमाईची वाट झेपत नाही तो किमयेकडे वळतो, असा त्याचा निष्कर्ष. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी इमाम गझालींनी (१०५८–११११) फारसीत 'कीमिया-ए-सआदत' लिहिले. नावात किमया, आत सोन्याची कृती नाही. बदलायचा धातू म्हणजे वाचणारा स्वतः.

आता मराठी नाव. 'किमयागाराचा दगड' म्हणता आले असते. 'परीस' म्हटले गेले. लोखंडाला लागला की सोने, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण या निवडीत काहीतरी सांडले. कादंबरीतला दगड दोन गोष्टी देतो, सोने आणि मरण लांबवणारे पेय. आपला परीस सोन्यापुरताच. कादंबरीतल्या खलनायकाला तर सोने नकोच आहे, त्याला मरायचे नाही. आमच्या घरातल्या गोष्टींत त्या पेयाला आब-ए-हयात म्हणतात. सिकंदर त्याच्या शोधात गेला आणि कोरडाच परतला. मराठी नाव मनात धरून वाचणारा चोराचा हेतू चुकीचा ओळखतो. त्याला लोभ सोन्याचा वाटतो, आणि तो असतो श्वासांचा.

सांडले तसे काही हाती आलेही. परीस म्हटले की नामदेवांची कथा आठवते. परिसा भागवताच्या घरचा परीस त्याच्या बायकोने मैत्रीखातर राजाईला दिला. नामदेवांना कळताच त्यांनी तो चंद्रभागेत टाकला. भागवत भांडायला आला तेव्हा नामदेवांनी वाळवंटातले ओंजळभर खडे त्याच्यापुढे धरले. सगळेच परीस. तुझा कोणता तो घे, म्हणाले. कथा खरी की रचलेली हा प्रश्न वेगळा. पण ज्याला परीस नको त्याच्याच हातात खडेही परीस होतात, हे मराठीने केव्हाच सांगून ठेवले आहे.

इंग्रजी कादंबरीचा शेवटही तिथेच जातो. दगड एका आरशात लपवलेला असतो. ज्याला तो वापरायचा आहे त्याला आरशात स्वतःचे सोने किंवा स्वतःचे अमरपण दिसत राहते, दगड मिळत नाही. ज्याला तो फक्त सापडायला हवा आहे, वापरायला नको, त्याच्या खिशात तो आपोआप येतो. आमच्याकडे याला नीयत म्हणतात. म्हणून दगडाला धनी न देणारे मराठी नावच आम्हाला सगळ्यांत खरे वाटते. दगड हकिमाचा की जादूगाराचा, हे दगडावरून ठरत नाही. हात पुढे करणाऱ्याला काय हवे आहे, त्यावरून ठरते.

मग नीयत चांगली असली की झाले? इथे मात्र आम्ही अडलो. कादंबरीत दगडाचा कर्ता निकोलस फ्लामेल आहे. या नावाचा एक लेखनिक पॅरिसमध्ये खरोखर होता, १४१८ साली वारला. कादंबरीतला फ्लामेल भला माणूस आहे. तरी शेवटी त्याच्या संमतीने दगड नष्ट करतात, आणि तो व त्याची बायको मरण पत्करतात. चांगल्या हातांतही काही वस्तू राहू देऊ नयेत, असे ही बालकादंबरी सांगते.

दिंडोरीत हे समजायला लांब जावे लागत नाही. इथला परीस म्हणजे द्राक्षबाग. कौलारू घरांवर स्लॅब चढले ते तिच्या जिवावर, आमच्याही घरावर. २०१० साली युरोपने भारतातली द्राक्षे नाकारली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीची वाढ आवरावी आणि माल चांगला धरावा म्हणून वापरायचे ते औषध. ते मारणाऱ्यांत वाईट नीयतीचा कोण होता? पण हात लावीन तिथे सोने असे वाटू लागले की हात कुठे थांबवायचा, ते समजेनासे होते. त्याहून वाईट, पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणणारे. त्यांना आवरायला महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. जादूची भीती बाळगायची तर तिथे. तिथे मात्र भले भले रांगेत उभे राहतात, आणि आपण पुस्तके पालथी घालतो.

हे सगळे आम्ही बडे अब्बांना सांगितले नाही. इब्न खल्दूनचे तेवढे सांगितले. वजीर आणि गरीब, हे ऐकून ते हसले. मग स्वतःच मुलीला हाक मारून विचारले, "फिर उस पत्थर का क्या हुआ?"

"तोडून टाकला, बडे अब्बा."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अच्छा किया."

संध्याकाळी पाहिले तर पुस्तक सुलटे ठेवलेले होते.