खासदारसाहेब, तुम्ही कोणत्या बाजूला?

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांची टोळी मागे लावून कोल्ह्याची शिकार करायला १८ फेब्रुवारी २००५पासून बंदी आहे. ही बंदी सहजासहजी आलेली नाही. नोव्हेंबर १९९७मध्ये मायकल फॉस्टर या मजूर पक्षाच्या खासदाराने आणलेल्या खासगी विधेयकाला कॉमन्स सभागृहाने ४११ विरुद्ध १५१ मतांनी पाठिंबा दिला. पण विरोधकांनी पुढच्या टप्प्यावर चर्चा लांबवून लांबवून ते बुडवले. त्यानंतर अनेक वर्षे कॉमन्सने हो म्हणायचे आणि लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने अडवायचे, असेच चालले. अखेर १९११ आणि १९४९च्या पार्लमेंट कायद्यांचा आधार घेऊन, लॉर्ड्सच्या संमतीवाचून, १८ नोव्हेंबर २००४ रोजी हा कायदा झाला.

ज्या प्रकाराला बंदी घातली तो आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्याभोवती लाल कोट, घोडे आणि शिंगांचे आवाज यांची इतकी शोभा आहे की मधला प्राणी दिसतच नाही. शिकारीच्या दिवशी कोल्ह्याला आसरा मिळू नये म्हणून त्याची बिळे आधीच बुजवून ठेवली जात. कोल्हा थोड्या अंतरासाठी चपळ असतो. हाउंड कुत्री मुद्दाम दमदार पैदाशीची, तासन् तास न थकता धावणारी. म्हणजे वेगावर नव्हे, दमावर त्याला हरवायचे. तो एखाद्या बिळात शिरलाच, तर आत टेरिअर कुत्रे सोडायचे, वरून जमीन खणायची आणि त्याला बाहेर काढून गोळी घालायची. मोसम सुरू होण्याआधी शरद ऋतूत नव्या कुत्र्यांना शिकवण्यासाठी त्याच वर्षी जन्मलेली कोल्ह्याची पिल्ले वापरली जात. सरकारने नेमलेल्या लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने जून २०००मध्ये अहवाल दिला. कुत्र्यांकडून पाठलाग आणि मृत्यू यांत कोल्ह्याच्या कल्याणाला गंभीर बाधा येते, असा त्याचा निष्कर्ष. रात्री दिव्याच्या झोतात रायफलने नेमकी गोळी घालणे हा मार्ग, नीट वापरला तर, कमी क्लेशाचा, असेही समितीने सांगितले. माझ्या मते हा वाद तिथेच मिटायला हवा होता. कोल्हा मरतो की जगतो हा इथला मुद्दाच नाही. शेतकरी त्याला गोळी घालतात आणि कायदा त्यांना अडवत नाही. एखाद्या जिवाचे मरण लांबवून त्यातून करमणूक करून घ्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

तरीही कायदा रद्द करण्याची खटपट थांबलेली नाही. २०१०च्या आघाडी सरकारच्या करारात त्यावर मुक्त मतदान घेण्याचे कबूल केले होते. २०१५ आणि २०१७च्या हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यांत तेच आश्वासन होते. २०१७मध्ये तर पंतप्रधान थेरेसा मे यांनी आपला शिकारीला पाठिंबा असल्याचे प्रचारातच सांगितले. ते मतदान कधी झालेच नाही आणि २०१९च्या जाहीरनाम्यात त्याच पक्षाने कायद्याला हात लावणार नाही असे लिहिले. आज हात लावणार नाही म्हणणारा पक्ष उद्या काय म्हणेल, याची हमी कोण देणार?

मुक्त मतदान म्हणजे पक्षाचा आदेश नाही. ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून मत द्यायचे. सदसद्विवेकाच्या प्रश्नावर हे योग्यच आहे. पण मग मतदाराने कशाच्या भरवशावर मत द्यायचे? जाहीरनामा त्याला फक्त एवढेच सांगतो की निर्णय खासदारांवर सोपवू. आपला खासदार काय करील, हे त्यात कुठेच नसते. पक्षाच्या नावावरून अंदाज बांधावा, तर तोही फसतो. ॲन विडकोम हुजूर पक्षाच्या कडव्या खासदार होत्या, पण शिकारीच्या ठाम विरोधक. केट होई मजूर पक्षाच्या खासदार असतानाच शिकारसमर्थक ‘कंट्रीसाइड अलायन्स’च्या अध्यक्ष झाल्या. ज्यांच्या सरकारच्या काळात हा कायदा झाला, त्या टोनी ब्लेअर यांनी तर २०१०मधल्या आत्मकथनात त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणून जिथे पक्ष उत्तर देत नाही, तिथे माणसाला विचारावे लागते. नाव घेऊन, लेखी आणि निवडणुकीच्या आधी.

प्रश्न मात्र नेमका हवा. ‘प्राण्यांच्या कल्याणाबद्दल आपले मत काय?’ असे विचारले, की उत्तरात प्राणिप्रेमाचे दोन परिच्छेद येतात आणि हाती काही लागत नाही. शिवाय हा कायदा मोडायला एकच दरवाजा नाही. पहिला सरळ: तो रद्द करणारे विधेयक. दुसरा आडवाटेचा: कायद्याच्या परिशिष्टात काही सवलती आहेत, उदाहरणार्थ जास्तीत जास्त दोन कुत्र्यांनी कोल्ह्याला आडोशातून बाहेर काढून गोळी घालता येते, आणि मंत्री संसदेच्या मंजुरीने, आदेश काढून त्या बदलू शकतात. जुलै २०१५मध्ये सरकारने हेच करू पाहिले; दोन कुत्र्यांची मर्यादा काढली असती, तर टोळी परत आली असती. स्कॉटिश नॅशनल पक्षाने विरोधात मत देण्याचे जाहीर केले, बहुमत मिळत नाही असे दिसले आणि सरकारने मतदान मागे घेतले. तिसरा दरवाजा सध्या उघडाच आहे. ‘ट्रेल हंटिंग’मध्ये जमिनीवर वासाचा माग आधी ओढून ठेवतात आणि कुत्री त्याच्या मागे धावतात; वाटेत खराखुरा कोल्हा सापडून मारला गेला, तर तो अपघात म्हणायचा आणि हेतू सिद्ध करताना पोलिसांच्या नाकी नऊ यायचे. वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने सभासदांच्या ठरावानंतर २०२१मध्ये आपल्या जमिनींवर हा प्रकार बंद केला. २०२४च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षानेही त्यावर बंदीचे आश्वासन दिले. तेव्हा खासदाराला तिन्ही विचारा: रद्द करण्याचे विधेयक आले तर बाजूने मत द्याल की विरोधात? सवलती वाढवणारा आदेश आला तर? ट्रेल हंटिंगच्या बंदीवर? आणि चौथे, त्या दिवशी सभागृहात हजर राहाल का? गैरहजर राहून सुटका करून घेण्याची सोय कुणालाही ठेवू नये.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. सप्टेंबर २००२मध्ये बंदीच्या विरोधात सुमारे चार लाख माणसे लंडनच्या रस्त्यांवर उतरली, ती सगळी निर्दय होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावचे जगणे शहरातल्या लोकांच्या मतांवर चालावे का, ही त्यांची तक्रार खरी होती. शिकारीवर सहा ते आठ हजार पूर्णवेळ नोकऱ्यांइतका रोजगार अवलंबून असल्याचा अंदाज बर्न्स समितीनेच दिला होता. पण बहुतेक शिकारमंडळे बंदीनंतरही टिकली. घोडे राहिले, कुत्री राहिली, मेळावे राहिले. कोल्हे बेसुमार वाढतील, ही भीतीही तपासून झाली आहे. २००१मध्ये गुरांच्या लाळ-खुरकूत साथीमुळे शिकार जवळजवळ वर्षभर बंद होती आणि त्या काळात कोल्ह्यांची संख्या वाढल्याचे संशोधकांना आढळले नाही. हा कायदा म्हणजे श्रीमंतांवरचा राग, असेही म्हणतात. इतिहास उलट बोलतो. बैलावर कुत्री सोडणे, कोंबड्यांच्या झुंजी लावणे, हे सामान्यांचे खेळ इंग्लंडने १८३५मध्येच गुन्हा ठरवले. जमीनदारांच्या खेळाला तोच न्याय लावायला १७० वर्षे लागली. कायदा रद्द करणे म्हणजे ती जुनी सूट परत देणे होय.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा इंग्रजांच्या घरचा वाद वाटू शकतो. पण तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकालाही, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, संसदेच्या निवडणुकीत मत आहे. ब्रिटिश पासपोर्टची वाट पाहावी लागत नाही. मतदारयादीत नाव घातले की झाले. ज्याच्या मताने खासदार निवडून येतो, त्याला खासदाराच्या मतांची जबाबदारी टाळता येत नाही. आणि भूमिका मागणे आपल्याला नवे नाही. मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या १८९१च्या विधेयकाच्या वादात आगरकर आणि भांडारकर एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला, पण कोण कुठे उभा आहे हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. टिळकांचे मत ज्यांना पटले नाही, त्यांनाही ते माहीत तरी होते. म्हणून त्याचे खंडन करता आले. ज्याची भूमिकाच कळत नाही, त्याचे मन वळवणार तरी कसे?

तेव्हा पत्र लिहा. खासदार आपल्या मतदारसंघातल्या माणसालाच उत्तर देतात, म्हणून पत्रावर आपला पत्ता आणि पोस्टकोड अवश्य घाला. मजकूर चार प्रश्नांइतकाच ठेवा. उत्तर आले, तर ते शेजाऱ्यांना, मंडळातल्या मित्रांना दाखवा आणि जपून ठेवा. गोलमोल आले, तर ज्या प्रश्नाला बगल दिली तेवढाच पुन्हा लिहून पाठवा. तरीही टाळाटाळ झाली, तर बहुतेक खासदार मतदारसंघात ठरावीक दिवशी लोकांना भेटायला बसतात. तिथे वेळ घ्या आणि समोर बसून विचारा.