दाट कापड

1986 च्या दिवाळीच्या सुट्टीत भिवंडीतली दोन मुलं सायकलने कसाऱ्याचा घाट चढायला निघाली. दोघंही दहावीतली. पडघा, शहापूर, आटगाव, खर्डी हसतखेळत मागे पडलं. घाटाच्या पहिल्या खड्या चढावर मात्र दोघांनाही खाली उतरावं लागलं. एकाची सायकल वडिलांची होती, काळी, रॉड ब्रेकची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. दुसऱ्याची मामाने कुवेतहून पाठवलेली, पाच गिअरची. आणि आधी उतरला तो गिअरवाला.

परतीच्या वाटेवर दोघं फारसं बोलले नाहीत. दमणं त्यांना मान्य होतं. पण गिअरची सायकल साध्या सायकलच्याही आधी हार खाते, याचा उलगडा होईना. काळ्या सायकलवाल्याने तो प्रश्न घरी आणला. ही गोष्ट त्याची आहे.

भिवंडीत तेव्हा सायकलींना तोटा नव्हता. यंत्रमागाची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. कापडाचे तागे कॅरिअरला बांधून माणसं गल्लीबोळांतून वाट काढायची. पण सायकल हे कामाचं वाहन होतं. हौसेने लांब जाणारा, सायकलचं शास्त्र जाणू पाहणारा माणूस शोधावा लागे. आणि छापील माहिती म्हणाल तर मुंबई-पुणे सायकल शर्यतीची बातमी वर्तमानपत्रात यायची. कोण पहिला आला, बोरघाटात घाटाचा राजा कोण ठरला, एवढं कळायचं. त्या राजाच्या मागच्या चाकाला किती दात होते हे कोणी छापत नसे. सायकलवेड्या पोराला तर नेमकं तेच हवं असायचं.

बाबांना विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. बाबा लालबागच्या एका गिरणीत जॉबर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, आणि पुढे महिने उलटले तरी कामावर बोलावणं आलं नाही. शेवटी बाबा बिऱ्हाड घेऊन भिवंडीला आले आणि एका कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करू लागले. घरी आले की गप्प असत. बाबांना मागापलीकडचं काही कळत नाही, असं मुलाने मनाशी धरून ठेवलं होतं. शहाणपण मुंबईत असतं, इंग्रजीत असतं, असंही त्याने धरलं होतं.

म्हणून साठवलेले पैसे घेऊन तो एस.टी.ने ठाण्याला आणि तिथून लोकलने फोर्टात गेला. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असत. एका ढिगातून त्याने सायकलचं एक इंग्रजी पुस्तक ओढून काढलं. कव्हर नव्हतं, पहिली काही पानंही नव्हती. आत एक तक्ता होता. वरच्या ओळीत पुढच्या चकतीचे दात, बाजूला मागच्या फ्रीव्हीलचे दात, आणि चौकटींमध्ये इंचांचे आकडे. हे इंच कशाचे ते सांगणारं पान फाटलेलं होतं. पण पुस्तक हातात होतं, आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही.

आकडे घेऊन तो गणिताच्या सरांकडे गेला. सर सायकलनेच शाळेत येत. त्यांनी सायकलचे दात मोजायला सांगितले: पुढे 44, मागे 18, चाक 28 इंची. मग त्यांनी खडूने फळ्यावर मांडलं, 44 भागिले 18, गुणिले 28, आणि उत्तर आलं 68 च्या थोडं वर. तक्त्यात त्या चौकटीत तोच आकडा होता. सरांना मनापासून आनंद झाला. पूर्वी पुढचं चाक भलंमोठं असलेल्या सायकली होत्या, ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "तुझी सायकल चालते ती जणू 68 इंची चाकावर बसल्यासारखी. पायडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जातोस."

मग त्यांनी मुलाला जी हकिगत सांगितली, ती मराठी घरांत आजही फारशी पोचलेली नाही, म्हणून इथे थांबून सांगतो. ऑक्टोबर 1923 मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलने जगाच्या फेरीला निघाले. युरोपातून भारतापर्यंत पायी आलेल्या एका फ्रेंच माणसाचं मुंबईतलं भाषण ऐकून त्यांच्या डोक्यात हे आलं होतं. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर पुरे करून मार्च 1928 मध्ये परतले. इराणचं वाळवंट त्यांनी पार केलं. एवढ्या मोठ्या गोष्टीचं बी एका ऐकलेल्या भाषणात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सरांचं गणित अचूक होतं. पण सर कधी घाटात गेले नव्हते. ते म्हणाले, "आकडा जितका मोठा तितकी सायकल चांगली. मागची चकती लहान कर." पाच गिअरवाला दोस्त तेच तर करत होता! लहान चकती म्हणजे हलकी, असं समजून त्याने साखळी सगळ्यात लहान चकतीवर ठेवली होती आणि तशीच ठेवून तो घाटात गेला होता.

उरले चाचा. सायकल दुरुस्तीचं त्यांचं दुकान गावात नावाजलेलं होतं, पण पलीकडच्या मोहल्ल्यात. मे 1984 च्या दंगलीनंतर भिवंडीतल्या गल्ल्यांना न दिसणाऱ्या वेशी पडल्या होत्या. आईने मुलाला तिकडे जाऊ नको असं बजावलं होतं. तिची भीती खोटी नव्हती. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. तरी एका दुपारी मुलगा गेला. चाचा रॉकेलच्या डब्यात हबचे छर्रे धूत बसले होते. त्यांनी त्याला नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. सायकलचं मागचं चाक उचलून फिरवलं आणि म्हणाले, "चाक आऊट आहे, पोरा, वाकडं फिरतंय. आधी आऊट काढू, मग तुझा घाट बघू."

त्यांनी त्याला स्पोक बोटाने वाजवायला लावले. मागच्या चाकात 40, पुढच्यात 32. सैल स्पोकचा आवाज बसका, ताणलेल्याचा खणखणीत. निपल किती फिरवायचं ते कोणत्याही तक्त्यात नव्हतं, ते कानात होतं. दिवस कलला तरी मुलगा वाजवत बसला आणि रिम ब्रेकला घासायची थांबली तेव्हाच उठला. घाटाबद्दल चाचा एवढंच म्हणाले, "चढ असेल तर मागे मोठी चकती लाव. माझ्याकडे बावीस दातांची पडली आहे."

"पण सर म्हणतात लहान लावायची. का मोठी?"

चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "का ते मला सांगता येत नाही. ओझ्याच्या सायकलींना लावतो, गिऱ्हाईक परत येऊन दुवा देतं. एवढं माहीत आहे."

आता पुस्तकाचा तक्ता, सरांचा हिशेब आणि चाचांचा हात तीन बाजूंना ओढू लागले. दोस्ताने आणखी एक तुकडा आणला. आग्रा रोडवरच्या चहाच्या टपरीवर नाशिककडचे ट्रक ड्रायव्हर थांबत. त्यातल्या एकाला त्याने गाठलं होतं. ड्रायव्हर म्हणाला होता, "घाटात गाडी दमल्यावर गिअर टाकशील तर बंद पडेल. चढ लागायच्या आधीच खालचा गिअर." पण सायकलचा खालचा गिअर म्हणजे कुठला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. या चौघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या अनुभवाच्या हद्दीपर्यंतचं सांगितलं होतं आणि हद्दीपलीकडे कोणी पाठवलं नव्हतं. तिथे पोराने स्वतः जायचं होतं.

एका रात्री बाबा दुसऱ्या पाळीहून परतले तेव्हा मुलगा जमिनीवर खडूने आकडे मांडत बसला होता. बाबा हातपाय धुऊन आले, बाजूला बसले, बराच वेळ बघत राहिले.

"हे दात कसले?"

"सायकलचे. तुम्हाला नाही कळायचं, बाबा."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "चव्वेचाळीस हा हाकणारा, अठरा हाकला जाणारा?"

मुलाने मान वर केली. इतके दिवस हा प्रश्न कोणी इतका नेमका विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याला कारखान्यात घेऊन गेले. आत शिरल्यावर कानाशी बोललेलंही ऐकू येईना. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे सुटत होता, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. एक माग बंद होता. बाबांनी त्याच्या बाजूची दातेरी चाकं दाखवली. विणलेलं कापड रुळावर पुढे सरकतं ते या चाकांमुळे. त्यातलं एक चाक काढून दुसऱ्या दातांचं बसवता येतं. ते बदललं की इंचात बाण्याचे किती धागे बसतात ते बदलतं. माग तोच, ठोका तोच, धोट्याचा वेगही तोच.

बाहेर ओट्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "विरळ कापड हवं असेल तर दर ठोक्याला कापड जास्त सरकवायचं. दाट हवं असेल तर कमी सरकवायचं. ठोका बदलायचा नाही. तो बदललास तर धागे तुटतात, मोटर तापते. तुझे पाय म्हणजे ठोका. सपाट रस्त्यावर तू साडेपाच मीटर सरकतोस, सरकू दे. घाटात तुला दाट कापड विणायचं आहे. एका फेऱ्यात कमी सरक, पण फेरा मोडू देऊ नकोस."

मुलाने तिथेच हिशेब केला. 44 भागिले 22, गुणिले 28. उत्तर 56. एका फेऱ्यात साडेचार मीटर. दर फेऱ्याला एक मीटर कमी. तेवढा भार पायावरून उतरणार. चाचांचा हात बरोबर होता, सरांचं गणित बरोबर होतं, आणि पुस्तकातला तक्ता आता वाचता येत होता. मोठा आकडा वेगाचा, लहान आकडा चढाचा.

"आणि उतार, बाबा? घाट उतरताना काय करायचं?"

"ते मला नाही माहीत," बाबा म्हणाले. "ज्याला माहीत असेल त्याला विचार."

फ्रीव्हील बदलायला मुलगा गेला तेव्हा त्याने चाचांना सगळं सांगितलं. चाचा हातातलं काम खाली ठेवून ऐकत राहिले. एवढी वर्षं हाताने केलेल्या गोष्टीचं कारण त्यांना त्या दिवशी मिळालं. म्हणाले, "तुझ्या बाबांना घेऊन ये." मुलाने घरी निरोप दिला. आई काही बोलली नाही. त्या रविवारी बाबा गेले. दोन कारागिरांना ओळख करून द्यावी लागली नाही. चाचांनी चाकाचा आऊट काढून दाखवला, बाबांनी दातेरी चाकांचा हिशेब समजावला. 22 दातांना साखळी आखूड पडली तेव्हा कडी जोडायला एकाने साखळी धरली, दुसऱ्याने हातोडी. गप्पा गिरणीच्या झाल्या, संपाच्या झाल्या, आणि चहाच्या दुसऱ्या कपाला 1984 च्याही झाल्या.

पुढच्या सुट्टीत दोघं पुन्हा कसाऱ्याला गेले. चढ दिसायच्या आधीच दोस्ताने साखळी सगळ्यात मोठ्या चकतीवर घेतली आणि तो न उतरता इगतपुरीला पोचला. काळी सायकल जड होती, गिअर एकच. मुलगा पाय मोजत, फेरा न मोडता बराच वर गेला. मधल्या एका खड्या टप्प्यावर त्याला उतरावं लागलं, तिथून त्याने थोडं ढकललं आणि पुन्हा बसला. मागच्या वेळी तो जिथे थांबला होता ती जागा केव्हाच खाली राहिली होती.

इगतपुरीच्या टपरीवर नाशिकहून आलेला एक सायकलस्वार चहा पीत होता. त्याने काळ्या सायकलच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं. "एवढं मोठं फ्रीव्हील? कुठे मिळालं?"

मुलाने आधी आपला प्रश्न विचारला. रॉड ब्रेकच्या सायकलने घाट उतरायचा कसा? आमच्याकडे गाव सपाट, कोणाला माहीत नाही.

नाशिककर त्याच्या शेजारी बाकावर बसला. "ब्रेक धरून ठेवायचा नाही. धर, सोड. पुढचा, मागचा, आलटून पालटून, म्हणजे रबर तापत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. रिम ओली असेल तर ब्रेक उशिरा लागतो, तेवढं अंतर आधीच राखायचं." त्याने उठून सायकलवर बसून हात कुठे ठेवायचे, अंग किती मागे न्यायचं तेही दाखवलं. दोस्ताने दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं.

मग मुलाने सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर चाचांच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. "भिवंडीत उतरलात की कोणालाही विचारा. फ्रीव्हील चाचा बसवून देतील. आणि मोठं का लावायचं ते समजून घ्यायचं असेल तर आमच्या कारखान्यात या. बाबा मागावर नेऊन दाखवतील."