साखळीतला दुसरा हात

कबड्डीत डावा कॉर्नर चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो. त्याच क्षणी त्याचा हात धरलेला साथीदार वजन मागे टाकतो आणि कव्हर पुढून वाट अडवतो. पकड या तिघांच्या साखळीची असते. गुण मात्र एकाच्याच नावावर लागतो.

मग लिलावात बोली कोणावर लावायची?

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने विजेतेपद पटकावलं. कर्णधार होता अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार. सौदा वसूल झाला, असं सगळेच म्हणाले. पण तो वसूल एकट्याने केला का?

हा प्रश्न जुनाच आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, विविध हालचाली आणि दैव. म्हणजे कर्ता हा पाचातला एक. याच गीतेवर ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, अस्लमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात भाष्य सांगितलं. ते लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव ग्रंथाच्या शेवटी आवर्जून येतं.

बोली लावणाऱ्याची अडचणही खरी आहे. पगार माणसाला द्यायचा असतो, साखळीला नव्हे. आणि हात सोडणारा साथीदार संघातून काढावाच लागतो. गीताही कर्त्याला यादीतून वगळत नाही, एकट्यालाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तेवढी अपुरी ठरवते. तेव्हा निवड समितीने चित्रफीत पाहताना झेप घेणाऱ्याबरोबर त्याच्या शेजाऱ्याचे पायही पाहायला हवेत.