भाड्याची खोली

टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की आमच्या लाखनीतल्या घरी कामे थांबतात. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायांचे हात तेवढे चालू राहतात. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन पदर सावरतात, तेव्हा तेही थांबतात. सिनेमा १९८८ चा, पण त्यातले संवाद नातवंडांनाही पाठ आहेत. आम्हीही इतकी वर्षे पोटभर हसलो.

मग आमच्या नात्यातला एक मुलगा शिकायला पुण्याला गेला. खोली पसंत पडली, भाडे ठरले. त्याने नाव सांगितले आणि ती खोली पाहुण्यांसाठी ठेवायची आहे हे मालकाला एकाएकी आठवले. असे चार ठिकाणी घडले. पाचव्या ठिकाणी करार एका मित्राने स्वतःच्या नावे केला आणि आमचा मुलगा त्याच नावाने तिथे राहू लागला. सुटीत घरी आला तेव्हा दादीने एवढेच विचारले, "बेटा, वहाँ तेरे कू किस नाम से बुलाते?" तो उठून अंगणात गेला.

तेव्हापासून तो सिनेमा आम्हांला पूर्वीसारखा पाहता येत नाही. त्यातली घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार असते, म्हणून दोन तरुण बायका होतात. दिग्दर्शक सचिन पिळगावकर स्वतःच सुधाचे सोंग घेतात. कल्पना नवी नव्हती. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ सालीच येऊन गेला होता. पण वसंत सबनीसांच्या लेखणीने ती अस्सल मराठी झाली. खोटे बोलणाऱ्यांचा आपल्याला एकदाही राग येत नाही, आणि शेवटी सोंग उघडे पडूनही सारे गोड होते.

खोटे कधी माफ असते? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली ठाम सांगितले की, दाराशी खुनी उभा असला तरी खोटे बोलू नये. आमच्या वाडवडिलांनी मकतबात सादीचा 'गुलिस्ताँ' वाचला. त्याच्या पहिल्याच हिकायतीत वजीर खोटे बोलून एका कैद्याचा जीव वाचवतो आणि बादशहा त्या खोट्याचीच तारीफ करतो. आम्ही सादीच्या बाजूचे. पण दोन्हीकडे तपासणी खोटे बोलणाऱ्याचीच होते. ज्याच्या अटीमुळे खोटे बोलावे लागले, त्याला कोणी विचारत नाही. बनवाबनवीतही नाही.

सचिनजींना दोष द्यावा, असे आम्हांला वाटत नाही. १९८२ च्या 'माय बाप'पासून 'नवरी मिळे नवऱ्याला', 'गंमत जंमत', १९९४ ची 'तू तू मैं मैं' ही मालिका, २००४ चा 'नवरा माझा नवसाचा' आणि २०२४ चा त्याचा दुसरा भाग, असा हा माणूस चाळीस वर्षे घराघरातली भांडणे हसत मिटवत आला. त्यांच्या गोष्टीत खरा दुष्ट क्वचितच. हा प्रामाणिक धंदा आहे. दमून आलेल्या माणसाला दोन-अडीच तास हसवणे हे काही लहान काम नव्हे.

पण हाच चेहरा आम्ही १९७५ साली 'शोले'मध्ये पाहिला होता. इमामसाहेबांचा अहमद. जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरी लागते म्हणून निघतो आणि वाटेत मारला जातो. बिडीचे नाव निघाले की आमच्या बाया आजही मान वर करतात. अहमद मेला तेव्हा सारे थिएटर रडले. त्याच अहमदने शहरात खोलीसाठी दुसरे नाव सांगितले असते, तर तेच थिएटर हसले असते का? निर्मात्याने पैसे लावले असते का? आम्हांला नाही वाटत. ब्रह्मचारी उद्या लग्न करू शकतो, म्हणून त्याची अडचण विनोदी ठरते. नावाचे तसे नाही.

आमचे एक मित्र म्हणतात, "हसण्यावर एवढे ओझे टाकू नका. 'कट्यार काळजात घुसली'त खाँसाहेब उभे केले ते याच नटाने." ते आम्ही मान्य करतो. शिवाय थिएटरात हसणाऱ्या गर्दीत आम्हीही होतोच.

मुलगा अजून त्याच खोलीत आहे. मालकीणबाईंचा त्याच्यावर जीव आहे. दिवाळीत त्यांनी फराळाचा डबा दिला, तो घेऊन तो घरी आला. झाकणावर चिठ्ठी, चिठ्ठीवर ते दुसरे नाव. डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यात काय भरून पाठवू, असे दादी विचारते आहे.